चिल्ल्यातल्या बाळंतिणीचं मन, आणि दीनाच्या भाषेत समजावणारं कुणी

खाडीपलीकडची

सलाम आणि नमस्कार.

परवा रात्री आमच्या जमातीतल्या एका मुलीचा फोन आला. बाळ एकोणीस दिवसांचं. रडत नव्हती, आवाज अगदी सपाट होता, आणि एकच गोष्ट फिरून फिरून विचारत होती, "आपा, माझी नमाज बंद आहे. मग अल्ला माझं ऐकत असेल का?" फोन ठेवल्यावर मला झोप लागली नाही. सहा वर्षांपूर्वी हेच मी विचारलं होतं. तेव्हा समोर एक जाणती बाई होती, म्हणून आज इथे लिहिते आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. दीन म्हणजे धर्म, आणि चिल्ला म्हणजे बाळंतपणानंतरचे चाळीस दिवस. बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावाच्या काळाला निफास म्हणतात. तो चालू असेतो नमाज नाही, रोजा नाही. आम्ही कोकणी मुसलमान शाफई पंथाचे. आमच्यात हा काळ जास्तीत जास्त ६० दिवस धरतात, बहुतेकींचा ४० च्या आसपास संपतो. घाटावरचे बहुतेक लोक हनफी पंथाचे, त्यांच्यात ४० ही वरची हद्द. या काळात सुटलेल्या नमाजा नंतर भरून द्यायच्या नसतात, रोजे मात्र ठेवावे लागतात. शरियतने थकलेल्या बाईला दिलेली ही सवलत आहे. पण घरात काय होतं? पाच वेळा अजान होते, अम्मी उठते, दादी उठते, मुसल्ला अंथरला जातो आणि तुम्ही बाळाला घेऊन पलंगावर. लहानपणापासून जिला सजद्यात रडून मोकळं व्हायची सवय, तिचा तो कोपरा नेमका याच दिवसांत हातचा जातो. आणि कुणी सांगत नाही की दुआ बंद नाही, जिक्र म्हणजे अल्लाचं नाव घेणं बंद नाही, कुराण ऐकणं बंद नाही.

माझं सिझर झालं होतं. नवरा कुवेतला. दूध कमी, टाके ओले, झोप नाही. दहाव्या दिवसापासून मुलगी रडली की मला तिच्याकडे बघवेना. कुणी म्हणालं नजर लागली, कुणी म्हणालं मगरीबनंतर खिडकी उघडी राहिली. दम केलेलं, म्हणजे आयती पढून फुंकलेलं पाणी आलं. त्या पाण्याबद्दल माझी आजही तक्रार नाही, आपल्यासाठी कुणीतरी काही पढतंय एवढ्यानेही धीर येतो. मला बुडवलं ते दोन शब्दांनी, सब्र म्हणजे सोसणं आणि नाशुक्री म्हणजे कृतघ्नपणा. "अल्लाने धडधाकट मूल दिलं, लोक तरसतात, आणि तू रडतेस?" त्यानंतर मी रडणंही बंद केलं.

मग आमच्या नात्यातल्या एक खाला आल्या. आलिमा आहेत, म्हणजे दीनाचं रीतसर शिक्षण घेतलेल्या, मुलींच्या मदरशात शिकवतात, आणि मुंबईला जाऊन समुपदेशनाचं रीतसर शिक्षणही घेतलंय. त्यांनी दार लावून घेतलं, मुलीला स्वतःच्या मांडीवर घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला, "सलग चार तास कधी झोपली होतीस?" त्या दिवशी धर्माचं अवाक्षर काढलं नाही. दुसऱ्या दिवशी सूरह मरियम सांगितली. मी ती शंभरदा ऐकली होती. पण त्या एका जागी थांबल्या. बीबी मरियमला कळा सुरू झाल्या, त्या खजुराच्या बुंध्याशी आल्या आणि तोंडून निघालं, याआधीच मी मेले असते, कुणाच्या आठवणीतही उरले नसते तर बरं झालं असतं. खाला म्हणाल्या, "आता बघ, यावर जवाब काय आला. तोबा कर, असा आला? तुझं ईमान कमजोर आहे, असा आला?" जवाब आला तो असा: दुःख करू नकोस, तुझ्या पायाशी झरा दिलाय, बुंधा आपल्याकडे हलव, ताजी खजूर पडेल, खा, पी, डोळे निवव. आणि कुणी भेटलंच तर सांग की आज मी बोलणार नाही. बाळ बघायला येणाऱ्यांची रांग आठवून मी तिथे पहिल्यांदा रडले.

मग त्यांनी सरळ विचारलं, "तुलापण मरावंसं वाटतं का?" मी हो म्हटलं.

तिसऱ्या दिवशी त्या मला आणि अम्मीला घेऊन रत्नागिरीला मनोविकारतज्ज्ञांकडे गेल्या. अम्मी एसटीत सगळी वाट "लोक काय म्हणतील" म्हणत होती. खालांनी तिला हदीस सांगितली, दवा करा, म्हातारपण सोडलं तर अल्लाने असा एकही आजार ठेवला नाही ज्याची दवा ठेवलेली नाही. मी साडेआठ महिने गोळ्या घेतल्या. मुलगी आता पहिलीत आहे.

गेली तीन वर्षं मी खालांच्या हाताखाली शिकते आणि वस्तीतल्या बाळंतिणींकडे जाते. इथे डॉक्टर आहेत, आशा ताई आहेत, आपल्या बाळंतपणात यातून गेलेल्याही असतील. तुमच्याकडे असं काही चालतं का? कुठे चुकतं? मोकळेपणाने लिहा.

मृण्मयी_ठाणे

आपा, वाचून अंगावर काटा आला. आमच्याकडे सोयर असतं, दहा-बारा दिवस देवाला हात लावायचा नाही. माझ्या आजेसासूबाईंनी तेवढे दिवस देवघराचं दार लोटून घेतलं होतं आणि मला ते फार लागलं होतं. तुमच्याइतकं नेमकं तेव्हा सांगता आलं नसतं.

एक विचारते, अज्ञान समजून घ्या. हे समुपदेशन म्हणजे नक्की काय करता? कुराण वाचून दाखवता का?

खाडीपलीकडची

मृण्मयीताई, वाचून दाखवणं सगळ्यात शेवटी, आणि तिला हवं असेल तरच. आधी झोप, जेवण, टाके, दूध, घरात कोण आहे, कुणी हात उगारतं का, जिवाचं बरंवाईट करायचा विचार येतो का, हे सगळं. मग बाळंतिणीची उदासी ओळखायची एडिंबराची दहा प्रश्नांची यादी आहे, १९८७ पासून जगभर वापरतात, मराठीतही आहे. दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याबद्दलचा. त्याला "कधीच नाही" सोडून दुसरं कुठलंही उत्तर आलं की बाकीची बेरीज काही का असेना, आम्ही त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलतो.

दीन कुठे येतो सांगते. ती बाई स्वतःला जे बोल लावते ते दीनाच्याच शब्दांत लावते. "मी नाशुक्री आहे." "माझ्या गुनाहची सजा बाळाला." "दूध पाजत नाही म्हणजे मी त्याचा हक मारला." याला मी नुसतं "असं काही नसतं हो" म्हटलं तर ती मान हलवते आणि मनात तेच ठेवते. पण सूरह बकरहची २३३वी आयत समोर ठेवली की ऐकते. दोन वर्षं दूध पाजण्याचं त्यात आहेच, पण ज्याला ती मुदत पुरी करायची असेल त्याच्यासाठी. बापाने आईचं खाणं-कपडा बघायचा, कुणावर ताकदीपलीकडे बोजा नाही, आणि मुलापायी आईला त्रास देऊ नये, हे सगळं त्याच आयतीत आहे. दोघांच्या सल्ल्याने दूध तोडता येतं, दुसऱ्या बाईकडून पाजून घेता येतं. चौदाशे वर्षांपूर्वी ही सूट होती आणि आज डबा आणला म्हणून सासू बोलते.

सासूलाही बसवून हे सांगावं लागतं. खरं सांगायचं तर निम्मं काम तिथेच असतं.

वॉर्ड_नंबर_७

मी मनोविकारशास्त्रात काम करतो, सध्या नाशिकला. धाग्यासाठी आभार.

आधी तीन गोष्टी वेगळ्या करू, कारण घरात तिन्हींना "टेन्शन" म्हणतात. तिसऱ्या ते पाचव्या दिवशी रडू कोसळणं, चिडचिड, ही पुष्कळ बायकांना होते आणि दोन आठवड्यांत आपोआप उतरते. दोन आठवडे उलटूनही उदासी, झोप उडणं (बाळ झोपलेलं असतानाही), भूक जाणं, अपराधी वाटणं राहिलं तर ते नैराश्य. भारतातल्या ३८ अभ्यासांचा, वीस हजारांवर बायकांचा, एकत्र आढावा २०१७ साली आला, त्यात हे प्रमाण २२ टक्के निघालं. गोव्यात म्हापशाच्या इस्पितळात विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी केलेल्या, २००२ मध्ये छापून आलेल्या अभ्यासात २३ टक्के. तिथे गरिबी, नवऱ्याची मारहाण आणि मुलगी होणं हे धोके ठळक दिसले. तिसरी गोष्ट दुर्मीळ, हजारात एक-दोन बाळंतिणींना होणारा सायकोसिस, म्हणजे वास्तवाचं भान सुटणं. बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत सुरू होतो. भास, संशय, बाळाबद्दल विचित्र खात्री, रात्रभर जागं राहूनही अंगात जोर. तिथे थांबायचं नाही, त्याच दिवशी इस्पितळ. आणि नेमकी हीच बाई "असर", म्हणजे बाहेरची बाधा म्हणून आधी दुसरीकडे नेली जाते.

हिमोग्लोबिन आणि थायरॉईड तपासायला विसरू नका. बाळंतपणानंतर थायरॉईड बिघडून हुबेहूब नैराश्यासारखं चित्र दिसू शकतं. गोळ्यांबद्दल: अंगावर पाजताना चालणारी औषधं आहेत. सर्ट्रालीन दुधात फार कमी उतरतं, म्हणून बऱ्याचदा तेच निवडतात. डॉक्टरांना "मी पाजते" एवढं नक्की सांगा.

पर्वतीकर

सगळ्यांची कळकळ पोचली, तरी माझा आक्षेप मांडतो. मी मुस्लिम समाजसुधारक हमीद दलवाईंचं काम बघत वाढलो, मुस्लिम सत्यशोधक मंडळ १९७० साली पुण्यातच सुरू झालं. बाईचं दुःख धर्माच्या चौकटीत बसवून तिला शांत करण्याचा इतिहास मोठा आहे. आज आलिमा चांगली आहे, उद्या दुसरी येईल आणि त्याच ग्रंथातून सब्रच काढून देईल. एरवाडीला ६ ऑगस्ट २००१ ला साखळदंडात बांधलेले २८ रुग्ण जळून गेले, दर्ग्याजवळच्या आश्रमात, श्रद्धेच्याच नावाखाली. थेट डॉक्टर आणि प्रशिक्षित समुपदेशक का नकोत?

खाडीपलीकडची

पर्वतीकर दादा, तुमचा आक्षेप मला परका नाही. एरवाडीचं नाव आमच्या प्रशिक्षणात पहिल्या दिवशी घेतात. "उद्या दुसरी सब्रच काढून देईल" ही भीती अगदी खरी आहे, मी स्वतः तेच भोगलं. म्हणूनच म्हणते की ज्याला फक्त दीन येतो त्याने हे काम करू नये, आणि घरात मार असेल तिथे सब्र हा शब्द तोंडातून काढू नये.

पण थेट डॉक्टर का नकोत, हा प्रश्न ज्या घरात दार उघडं आहे तिथला. माझ्या अम्मीने डॉक्टरांचं ऐकलं ते खालांनी सांगितलं म्हणून. सहाव्या दिवशी छठीला, सातव्या दिवशी अकीक्याला, चाळिसाव्या दिवशी नहाणाला जी बाई घरात येते, तिलाच बाळंतिणीचे डोळे दिसतात. तिच्या हातात दहा प्रश्नांची यादी द्यायची की तिला बाजूला सारायचं?

वॉर्ड_नंबर_७

यात थोडी भर घालतो. एरवाडीनंतर गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यात, उनावाच्या मीरा दातार दर्ग्यावर "दवा और दुआ" नावाचा उपक्रम सुरू झाला. मुजावरांना, म्हणजे दर्ग्याच्या सेवेकऱ्यांना, लक्षणं ओळखायला शिकवलं, आणि दर्ग्याच्या आवारातच डॉक्टर बसू लागले. मुजावर दुआ करतो आणि तोच हात धरून डॉक्टरांकडे धाडतो. कुणाला आपली श्रद्धा दाराबाहेर ठेवावी लागत नाही.

आणि बाळंतिणींपुरतं पाहिलं तर सगळ्यात भक्कम पुरावा पाकिस्तानातला आहे. अतिफ रहमान आणि सहकाऱ्यांनी रावळपिंडीजवळच्या खेड्यांत गावातल्याच लेडी हेल्थ वर्कर बायकांना विचार बदलण्याची साधी पद्धत शिकवली. पोटुशी असताना शेवटच्या महिन्यापासून बाळ दहा महिन्यांचं होईतो १६ भेटी. नैराश्य हा शब्द पुढे न करता "बाळाची तब्येत चांगली राहावी म्हणून आईची काळजी" असं म्हणत घरात शिरल्या, त्यामुळे सासवांनीही अडवलं नाही. बाळ सहा महिन्यांचं झालं तेव्हा या बायकांपैकी २३ टक्के नैराश्यात होत्या, नुसत्या साध्या भेटी मिळालेल्यांपैकी ५३ टक्के. २००८ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने ते पुस्तिकेच्या रूपात सगळ्या देशांसाठी काढलं. नंतर शेजारणींकरवी हीच पद्धत रावळपिंडी आणि आपल्या गोव्यात, दोन्हीकडे तपासली गेली. गोव्यात त्या शेजारणींना सखी म्हणत.

ती पद्धत धार्मिक नव्हती, हे मुद्दाम सांगतो. पण ती बाईच्याच बोलीत, तिच्याच घरात, तिच्या ओळखीच्या बाईकडून पोचली. पर्वतीकर, मला वाटतं आपांचं काम त्याच वाटेवरचं आहे.

आशा_मालेगाव

मी आशा आहे. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर आमच्या सहा भेटी असतात, तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा दिवस. बाळाचं वजन, ताप, नाळ, दूध. आईला "कशी आहेस" विचारलं की "ठीक" म्हणते, कारण मागे सासू उभी असते.

आमच्याकडे कुणी उदास आहे असं म्हणत नाही. म्हणतात "जी घबराता", "दिल बैठ जाता", "कुछ अच्छा नइ लगता", "सीने पे बोझा है". आधी मला वाटायचं छातीचं काही आहे, दोघींना तर मी ईसीजी काढायला पाठवलं. मग कळलं की हेच ते. आता सासूला म्हणते, अम्मा, जरा बाळाचं कार्ड शोधून द्या. ती आत गेली की दोन मिनिटं मिळतात. त्या दोन मिनिटांत काय विचारू, आपा?

खाडीपलीकडची

आशाताई, दोनच विचारा. "बाळ झोपल्यावर तुला झोप येते का?" आणि "असं वाटतं का की तू नसतीस तर बरं?" दुसरा विचारायला जीभ अडखळते, माहीत आहे. पण विचारल्याने तो विचार डोक्यात घातला जात नाही, तो असेल तर बाहेर येतो.

आणि "दिल" हाच शब्द ठेवा. कुराणात मूसा अलैहिस्सलामच्या आईचं दिल रिकामं झालं असं आलंय, बाळाला नदीत सोडल्यावर. ती सगळं बोलून टाकणार होती, तेव्हा अल्लाने तिच्या दिलाला बांध घातला. मालेगावच्या बाईला "दिल बैठ जाता" आणि ती आयत यांतलं नातं समजावून सांगावं लागत नाही.

बीडवाली

रात्रीचे अडीच वाजलेत. नवीन आयडी काढून लिहितेय.

माझा मुलगा अडीच महिन्यांचा आहे. मी हनफी घरातली, नमाज-रोजा पाळणारी. बाळाला आंघोळ घालताना माझ्या मनात येतं की मी त्याला पाण्यात दाबलं तर. भाजी चिरताना सुरी दिसली की तसंच. मला ते नको असतं. मी सुऱ्या वरच्या फळीवर ठेवल्यात. आंघोळ सासूला घालायला लावते, पाठ दुखते सांगून. दिवसभर अऊजु, शैतानापासून पनाह मागायची दुआ, पढते, तरी येतंच. मी कुणाला सांगितलं तर मूल काढून घेतील. शैतान माझ्यात आहे का?

खाडीपलीकडची

बहन, तू जागी आहेस आणि मीही जागी आहे. तू हे लिहिलंस ते फार चांगलं केलंस.

सहाबा, म्हणजे पैगंबरांचे सोबती, एकदा रसूलुल्लाहकडे, म्हणजे पैगंबरांकडे आले, म्हणाले आमच्या मनात असं काही येतं की ते उच्चारणंसुद्धा आम्हाला भयंकर वाटतं. त्यांनी विचारलं, खरंच तसं वाटतं? हो म्हणाले. जवाब आला, हेच तर उघड ईमान आहे. मुस्लिम शरीफ या हदीसच्या किताबीत आहे. तुला जी दहशत बसते ती तुझी ममता आहे. मनात आलेल्या वसवशाची, म्हणजे नकोशा विचाराची पकड नाही, जोवर माणूस तो बोलून वा करून टाकत नाही, हेही सहीह हदीसमध्ये आहे. आणि मदत मागण्यासाठी डॉक्टरांना सांगणं त्यात धरलं जात नाही.

अबू जैद अल-बल्खी नावाचे आलिम दहाव्या शतकात होऊन गेले. त्यांनी शरीर आणि मन या दोन्हींच्या तब्येतीवर किताब लिहिली, त्यात वसवशांवर वेगळं प्रकरण आहे. कारण माहीत असलेला गम वेगळा आणि कारणाशिवाय येणारा, अंगातल्या बिघाडातून येणारा गम वेगळा, हेही त्यांनी तेव्हा लिहून ठेवलंय. म्हणजे आपल्या लोकांनी याला आजार म्हणून ओळखलं होतं, तुझ्यात शैतान शिरलाय असं म्हटलं नव्हतं.

एकच सांग, असं कधी वाटलं का की बाळ बाळच नाही, किंवा त्याला काही करणंच बरोबर आहे? काही आवाज येतात का?

बीडवाली

नाही. तसं कधीच नाही. मला फक्त भीती वाटते.

वॉर्ड_नंबर_७

ताई, आपांनी नेमकं तेच विचारलं जे मी विचारलं असतं. नको असलेला विचार येणं, त्याची दहशत वाटणं, तो टाळायला सुऱ्या उचलून ठेवणं, हे ओसीडीचं, म्हणजे नकोसे विचार पुन्हा पुन्हा येण्याच्या आजाराचं चित्र आहे आणि बाळंतपणानंतर ते अनेकींत दिसतं. अशा आया बाळाला इजा करत नाहीत, उलट जपून जपून थकतात. उपचार आहेत आणि चांगले लागू पडतात. हा मजकूर फोनवर दाखवलात तरी डॉक्टरांना पुरे. आवाज, खात्री, संशय असं काही सुरू झालं तर मात्र तासभरही थांबू नका.

मूल काढून घेतील ही भीती: २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात उलट तरतूद आहे. आईला दाखल करावं लागलं तरी तीन वर्षांखालचं मूल एरवी तिच्यापासून वेगळं करायचं नाही. तुम्हाला तर दाखल होण्याची गरजही बहुधा पडणार नाही. आत्ता बोलावंसं वाटलं तर टेलिमानस, १४४१६, चोवीस तास, मराठीत आणि उर्दूतही बोलता येतं, पैसे पडत नाहीत.

अऊजु दिवसभर म्हणण्याबद्दल आपा जास्त सांगतील. पण विचार घालवण्यासाठी एखादी गोष्ट पुन्हा पुन्हा करत राहिलं की विचार चिवट होतो, हे मी रोज बघतो.

खाडीपलीकडची

हो. हदीसचा सल्लाही असाच आहे, वसवसा आला की अल्लाची पनाह माग आणि तिथेच थांब. एकदा माग. शंभरदा मोजायचं कुणी सांगितलेलं नाही. माझा नंबर तुला निरोपात टाकलाय, फजरनंतर कधीही कर.

लीड्सकर

मूळची सांगलीची, इथे लीड्सला नर्स आहे. इथल्या विद्यापीठात गझाला मीर यांच्या गटाने नैराश्य असलेल्या मुस्लिम रुग्णांसाठी एक उपचारपद्धत जुळवून घेतली. ती बाळंतिणींपुरती नाही, सगळ्यांसाठी आहे. मूळ पद्धत अशी: मन लागण्याची वाट बघायची नाही, आधी छोटी कृती करायची, मन मागून येतं. त्यात आधी रुग्णाला विचारतात की तुमच्या आयुष्यात धर्माची जागा काय. हवी असेल तर कृतींमध्ये दुआ, जकात, शेजारणीकडे जाणं हे येतं. नको असेल तर नाही. पर्वतीकरांच्या आक्षेपाला माझ्या मते हेच उत्तर आहे, दार कुठून उघडायचं ते रुग्ण ठरवतो.

खाडीपलीकडची

लीड्सकर ताई, "आधी छोटी कृती" वाचलं आणि मला बुंधा आठवला. खजुराचा बुंधा ओल्या बाळंतिणीच्या हाताने हलत नाही. तरी हलव म्हटलं. किती हलला त्याचा हिशेब कुणी मागितला नाही, खजूर पडली. मी माझ्या बायकांना विचारते, आज तुझा बुंधा कोणता? कुणी म्हणते केस विंचरेन, कुणी म्हणते अंगणात दहा मिनिटं बसेन.

पर्वतीकर

वाचतोय. लीड्सचा मुद्दा, विचारून आणि नको असेल तर नाही, हा मला पटतो. तुमच्या गटात जिला दीनाचं काही नको तिचं काय करता?

खाडीपलीकडची

तिच्यासमोर मी काढतच नाही. दोघी होत्या अशा. एकीने पहिल्याच भेटीत सांगितलं, "आपा, मला आयत ऐकवू नका, बापाने आयुष्यभर ऐकवल्या." तिच्यासाठी मी फक्त हरीरा करून न्यायची आणि बाळ धरायची. आणि कुणाच्या घरातलं दुसऱ्या घरी न्यायचं नाही, ती अमानत आहे. आमची वस्ती छोटी, एक शब्द फुटला तर पुढची बाई दार उघडणार नाही.

दोहाहून

अस्सलामु अलैकुम. मी महाडकडचा, कतारमध्ये ड्रायव्हर आहे. चार दिवस हा धागा वाचतोय. बायकोला २४ दिवसांपूर्वी मुलगा झाला, माहेरी आहे. व्हिडिओ कॉलवर ती बाळाला दाखवते आणि स्वतः फ्रेमच्या बाहेर राहते. मला वाटायचं ओढणी नसेल. काल म्हटलं तुझा चेहरा दाखव. दाखवला. मी ओळखला नाही. म्हणाली, तुम्ही दुसरी करा, मुलाला चांगली आई मिळेल.

मी काय बोलू? मी म्हटलं असं बोलू नये, हराम आहे मौत मागणं. ती गप्प झाली.

खाडीपलीकडची

भाईजान, तुम्ही घाबरून बोललात, ते तिलाही कळेल. मौत मागू नका ही हदीस खरीच आहे, पण ती तिथे संपत नाही. फारच जीव कासावीस झाला तर काय म्हणायचं तेही पुढे दिलंय: या अल्ला, जगणं माझ्या भल्याचं असेतो मला जगव, आणि मरण माझ्या भल्याचं असेल तेव्हा ने. बोलण्याचं दार उघडंच ठेवलंय. आत्ता फोन लावा आणि विचारा, "कधीपासून असं वाटतं? मी ऐकतोय." मधे बोलू नका. मग तिच्या अम्मीला सांगा की आज रात्री तिला एकटीला सोडू नका, आणि सकाळी डॉक्टर. रसूलुल्लाह नमाज पढवताना मागे मूल रडलं तर नमाज छोटी करायचे, आईचा जीव कासावीस होतो म्हणून. इतकं तर आपण करू शकतो. गाव कुठलं ते निरोपात कळवा, त्या बाजूला खालांच्या ओळखीच्या बायका आहेत.

वॉर्ड_नंबर_७

घरातली औषधं, फिनेल, उंदराचं औषध कुलपात. हे आजच. बाकी आपांनी सांगितलंच आहे.

बीडवाली

दोहाहून भाई, मी परवा डॉक्टरांना तो मजकूर दाखवला. त्या बाई हसल्या नाहीत, घाबरल्या नाहीत. गोळी सुरू झाली, आणि दर आठवड्याला बोलायला बोलावलंय. विचार अजून येतात. पण काल आंघोळ मी घातली, सासू शेजारी बसली होती. तुमच्या घरातून लवकर न्या.

दोहाहून

सात दिवसांनी लिहितोय. माफ करा.

त्याच रात्री दीड तास बोललो. म्हणजे ती बोलली. मला माहीत नव्हतं की नमाज बंद असल्याचं तिला एवढं लागलंय. खालांच्या ओळखीच्या एक बाई सकाळी गेल्या, सासूबाई आधी रागावल्या, मग त्यांच्याशी त्या बाईंनी मरियमची आयत काढली तेव्हा सासूबाईच रडल्या. त्यांचं दुसरं बाळंतपण असंच गेलं होतं, कुणाला सांगितलं नव्हतं. डॉक्टरांनी दहा प्रश्न विचारले, तीसपैकी १९ आले. थायरॉईडही बिघडलेलं निघालं. औषध सुरू आहे, बाळ तिच्याजवळच आहे. अजून हसत नाही, पण काल फ्रेममध्ये होती.

मालकाने वीस दिवस दिलेत. गुरुवारी मुंबईला उतरतो. काय आणू?

खाडीपलीकडची

अल्हम्दुलिल्लाह. खजूर तर तुम्ही आणालच. सामानापेक्षा एक काम घ्या, रात्री दोन ते सहा बाळ तुमच्याकडे. ती दुसऱ्या खोलीत झोपेल, दार लावून. दूध काढून ठेवायचं की डबा, ते डॉक्टरांना विचारून आधी ठरवा. आणि ढेकर कसा काढायचा ते सासूबाईंकडून पहिल्याच दिवशी शिकून घ्या.